व्हीएचएस कॅसेट उतरवायच्या असतील तर आधी व्हीसीआर बघा, कॅप्चर कार्ड नंतर

आईवडिलांच्या लग्नाच्या आणि मुंजीच्या व्हीएचएस कॅसेट घरच्या संगणकावर घेता येतील का आणि कोणतं कॅप्चर कार्ड (व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारं उपकरण) घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. नक्की घेता येतील. पण चित्र कसं येणार हे कार्डापेक्षा व्हीसीआरवर जास्त ठरतं, म्हणून पैसे तिथे घाला. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवल्यापासून नवे व्हीसीआर बनत नाहीत. नातेवाइकांच्या माळ्यावर एखादा चालू स्थितीतला पडला असेल, तर आजच विचारा.

कॅसेट आत घालण्याआधी तिच्या खिडकीतून रिळाची कड नीट बघा. कडेच्या बाजूचं छोटं बटण दाबलं की पुढचं झाकण उचलता येतं, तिथली फीतही दिसते. पांढरट भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. आपल्याकडच्या पावसाळी हवेत, विशेषतः मुंबई-कोकणात, ती हमखास धरते. अशी कॅसेट लावली की बुरशी हेडवर (व्हीसीआरमधल्या फीत वाचणाऱ्या भागावर) जाते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटवर. तिला बाजूला ठेवा, जाणकाराकडूनच साफ करून घ्या. बाकीच्या एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन मागे आणा, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते. मागच्या कडेचा रेकॉर्डिंगचा प्लास्टिक तुकडा तोडून टाका, चुकून वर काही भरलं जाणार नाही.

पडद्यावर मुंग्या दिसल्या तर आधी व्हीसीआरवरचं ट्रॅकिंग (फीत नीट वाचली जावी म्हणून जुळवायचं बटण) फिरवून बघा, मग हेड साफ करा. पिवळी वायर चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. त्या यूएसबी कॅप्चर कार्डात लावायच्या. चित्र संगणकात भरून घ्यायला व्हर्च्युअलडब हा प्रोग्रॅम मोफत आहे. त्यात पाल (आपल्याकडची टीव्ही-चित्राची पद्धत), ७२० बाय ५७६ आणि हफवाययूव्हीसारखा चित्राची हानी न करणारा कोडेक (व्हिडिओ आवळून साठवायची पद्धत) निवडा. तासाला तीसेक जीबी जागा लागेल, लागू द्या. ही मूळ फाइल जपून ठेवायची. आवाज हळूहळू ओठांच्या मागेपुढे सरकू लागला तर बहुधा फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रं) गळताहेत: जुन्या फितीचा सिग्नल डळमळीत असतो. जुना डीव्हीडी रेकॉर्डर मधे जोडून सिग्नल त्यातून पुढे नेला, तर बरेचदा हे थांबतं.

पाल चित्रात सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येकीत दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी असतात. म्हणून अक्षता टाकणाऱ्या हाताच्या कडा संगणकावर कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅममध्ये डीइंटरलेस करताना (या ओळी सुट्या करताना) ‘बॉब’ निवडा आणि फ्रेमरेट (सेकंदाच्या फ्रेम) ५० ठेवा. २५ ठेवलात तर अर्धी हालचाल गेलीच. रुंद टीव्हीसाठी चित्र ताणू नका, ४:३ च राहू द्या. आणि उतरवून झाल्या तरी कॅसेट टाकू नका.

अमेरिकेतल्या काका-मावशीने पाठवलेल्या कॅसेट असतील तर त्या वेगळ्या काढा. त्या बहुधा एनटीएससी या तिकडच्या टीव्ही-पद्धतीच्या असतात. त्यांना मल्टिसिस्टिम (दोन्ही पद्धती चालवणारा) व्हीसीआर हवा आणि कॅप्चर ७२० बाय ४८० वर.