पर्यावरणशास्त्राची परीक्षा दहा दिवसांवर आली आहे. ‘पृथ्वीच्या प्रणाली आणि संसाधने’ या भागाची उजळणी कशी करू?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की चार आवरणं, चक्रं, अन्नसाखळी, हरितगृह परिणाम, नवीकरणीय-अनवीकरणीय संसाधनं हे सगळं तोंडपाठ आहे, पण प्रश्न जरा फिरवून आला की हात थांबतो. मी हा विषय शिकवते. तुमचा हात ज्या पद्धतीमुळे थांबतो तिच्याशी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी ते भांडण सांगते.

काही वर्षांपूर्वी मी एका परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत होते. चार गुणांचा प्रश्न होता: नवीकरणीय आणि अनवीकरणीय संसाधनांतला फरक उदाहरणांसह स्पष्ट करा. नमुना उत्तरात दोन रकाने. डावीकडे सूर्यप्रकाश, वारा, पाणी, जंगल, मासे. उजवीकडे कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू, धातूंची खनिजं. गठ्ठ्यामागून गठ्ठे तेच दोन रकाने, त्याच क्रमाने, बऱ्याचदा शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसह.

मग एक उत्तरपत्रिका आली. तिच्यात रकाने नव्हते. पेन्सिलीने एक टाकी काढली होती. वर नळी, खाली तोटी. नळीपाशी लिहिलं होतं ‘भरण्याचा वेग’, तोटीपाशी ‘वापरण्याचा वेग’. खाली चार-पाच ओळी: संसाधन नवीकरणीय आहे की नाही हे वस्तूच्या नावावर ठरत नाही, या दोन वेगांवर ठरतं. नदीचं पाणी काही आठवड्यांत बदलतं. खोल भूजल हजारो वर्षांपूर्वीचं असू शकतं. ते भरतं त्यापेक्षा जास्त उपसलं तर ते कोळशासारखंच संपतं. मासे आणि जंगल यांचंही तेच.

मी चारपैकी चार दिले. त्या दिवशी वाचलेल्या सगळ्या उत्तरांत विषय समजून लिहिलेलं तेवढं एकच होतं.

संध्याकाळी नियामकांनी, म्हणजे आमची तपासणी पुन्हा पाहणाऱ्या वरिष्ठांनी, गठ्ठा चाळला आणि चारचा एक केला. मी विचारायला गेले. म्हणाले, “पाणी डाव्या रकान्यात नाही.” मी म्हटलं, “सर, इथे रकानाच नाही.” ते म्हणाले, “तेच सांगतोय. पाऊस पडतो, पाणी परत येतं. जलचक्र आपण शाळेत शिकवतो, बाई. पाणी अनवीकरणीय कसं होईल?” मी बोलले, पण तेव्हा माझ्याकडे आकडे नव्हते, नुसता आवाज चढला. शेवटी बदललेल्या गुणांवर माझी सही हवी होती. मी सही केली.

तेव्हा जे सांगता आलं नाही ते आता तुम्हाला सांगते. तुमच्या उजळणीचा गाभाही तोच आहे.

जलचक्राचं चित्र आठवा. समुद्र, ढग, डोंगर, नदी, आणि सगळे बाण एकाच जाडीचे. त्या बाणांवर वेळ कुठेच लिहिलेला नसतो. हवेत गेलेली वाफ सरासरी नऊ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येते. समुद्रात शिरलेलं पाणी तिथे सरासरी सुमारे ३,००० वर्षं राहतं. उथळ भूजल काही वर्षांत बदलू शकतं, खोल भूजलाला दहा हजार वर्षं आणि त्याहूनही जास्त लागू शकतात. म्हणजे ‘पाणी परत येतं’ हे खरं आहे, पण कधी आणि कुठे परत येतं हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. आता साठे बघा. पृथ्वीवरचं सुमारे ९७ टक्के पाणी खारं. गोडं अडीच टक्क्यांच्या आसपास, त्यातलं दोन तृतीयांशांहून थोडं जास्त बर्फात, ३० टक्क्यांच्या जवळपास जमिनीखाली. नद्या आणि तळी मिळून गोड्या पाण्याच्या अर्ध्या टक्क्याइतकीही नाहीत. आपण बोलतो नद्यांबद्दल आणि उपसतो तो साठा जमिनीखालचा.

सहाराखाली इजिप्त, लिबिया, सुदान आणि चाड या चार देशांत पसरलेला न्युबियन वालुकाश्माचा जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर, आहे. त्यातलं पाणी सहारा हिरवा असतानाच्या ओल्या काळांत मुरलेलं. तसा शेवटचा काळ सुमारे ५,००० वर्षांपूर्वी संपला. आज त्या वाळवंटावर पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणजे टाकीची वरची नळी बंद. लिबियाने प्रचंड नळ टाकून ते पाणी किनाऱ्यावरच्या शहरांपर्यंत नेलं, पहिला टप्पा १९९१ मध्ये सुरू झाला. या पाण्याला शास्त्रज्ञ जीवाश्म जल म्हणतात. जीवाश्म इंधन आणि जीवाश्म जल यांना एकच विशेषण का लागतं, हे मला त्या नियामकांना विचारायचं होतं. अमेरिकेतल्या आठ राज्यांखालचा ओगालाला जलधर तसाच. तिथे थोडं पुनर्भरण होतं, पण गेल्या शतकाच्या मध्यापासून पंपांनी होणारा उपसा त्याहून कितीतरी जास्त, म्हणून दक्षिणेकडच्या भागांत पातळी खूप खाली गेली.

मासेही त्यांच्या डाव्या रकान्यात होते. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळचा कॉड मासा माणसाने शतकानुशतकं पकडला. मग मोठी यांत्रिक जहाजं आली, मासा वाढतो त्यापेक्षा वेगाने पकडला गेला, आणि १९९२ मध्ये सरकारला मासेमारीवर बंदी घालावी लागली. तीसेक हजार लोकांचं काम गेलं. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ती बंदी २०२४ मध्ये उठली. आता मासा नवीकरणीय की अनवीकरणीय? त्या मुलाने (की मुलीने, मला कधीच कळलं नाही, उत्तरपत्रिकेवर फक्त क्रमांक असतो) याचं उत्तर एका टाकीत दिलं होतं.

तर पहिले दोन दिवस फक्त हेच करा. प्रत्येक विषयाला तीन प्रश्न विचारा: साठा किती, आत किती वेगाने येतं, बाहेर किती वेगाने जातं. साठ्याला वेगाने भागलं की मुक्कामाचा काळ मिळतो. फिरवून येणारे बहुतेक प्रश्न यातूनच सुटतात.

कार्बनचक्रावर करून बघा. विद्यार्थी मला नेहमी विचारतात: झाडं दरवर्षी हवेतून १०० अब्ज टनांहून जास्त कार्बन घेतात, आणि कोळसा, तेल, वायू जाळून आपण सोडतो फक्त १० अब्ज टनांच्या आसपास, मग एवढी काळजी कशाला? प्रश्न चांगला आहे, आणि यादी पाठ करून तो सुटत नाही. झाडं घेतात तेवढंच श्वसनातून आणि कुजण्यातून परत जातं. येणं आणि जाणं जवळजवळ सारखं होतं, म्हणून हजारो वर्षं पातळी हलली नाही. त्या भरलेल्या टाकीत आपण एक जादा नळी सोडली, आणि तिच्यातून येतो तो कोट्यवधी वर्षं जमिनीत बंद असलेला कार्बन. तिच्यातलं जवळपास अर्धं समुद्र आणि जमीन शोषतात, अर्धं हवेत उरतं आणि साठत जातं. उद्योगयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ च्या आसपास, आता ४२० च्या वर. एक सापळा लक्षात ठेवा: कार्बनचा टन आणि कार्बन डायऑक्साइडचा टन वेगळा. कार्बनच्या टनांवरून कार्बन डायऑक्साइडचे टन काढायला ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ ने गुणावं लागतं. चांगले विद्यार्थी इथे पडतात.

नायट्रोजन आणि फॉस्फरस शेजारी ठेवून वाचा. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण तो तसाच झाडांना घेता येत नाही. काही जिवाणू, थोडीफार आकाशातली वीज आणि १९१३ पासून हाबर-बॉश पद्धतीने अमोनिया बनवणारे कारखाने तो स्थिर करतात, म्हणजे झाडांना घेता येईल अशा रूपात आणतात. फॉस्फरसला वायुरूप टप्पाच जवळजवळ नाही. तो खडकातून झिजून मातीत येतो, वाहत समुद्राच्या तळाशी जातो आणि भूकवच वर उचललं जाईपर्यंत तिथेच राहतो. त्यालाही पुस्तकं ‘चक्र’ म्हणतात. माणसाच्या आयुष्याच्या मापाने तो एकाच दिशेचा रस्ता आहे.

चार आवरणांच्या व्याख्यांवर वेळ घालवू नका. एक घटना घ्या आणि ती सगळ्या आवरणांतून फिरवा. माझी आवडती म्हणजे जून १९९१ चा फिलिपिन्समधल्या पिनाटुबोचा उद्रेक. शिलावरणातून दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरात, गेला. तिथे त्याचे सूक्ष्म कण झाले, त्यांनी सूर्यप्रकाश परतवला, आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान साधारण अर्धा अंश सेल्सिअस उतरलं. उद्रेकाच्याच दिवशी तिथे वादळ आलं होतं. पावसाने राख भिजून जड झाली, छपरं कोसळली, नंतर वर्षानुवर्षं पावसाळ्यात चिखलाचे लोंढे वाहत राहिले. शिलावरण, वातावरण, जलावरण, जीवावरण, सगळं एका गोष्टीत आलं.

ऊर्जेबद्दल एवढंच: पदार्थ फिरतो, ऊर्जा फिरत नाही, ती येते आणि उष्णता होऊन निघून जाते. सूर्याकडून वातावरणाच्या माथ्यावर दर चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॅट. गोलावर वाटले की ३४०. त्यातले ३० टक्के परत उडतात. हरितगृह वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ च्या आसपास असतं, ते १५ च्या आसपास आहे. हा फरक नैसर्गिक हरितगृह परिणामाचा, म्हणून ‘हरितगृह परिणाम वाईट’ असं लिहू नका, त्याची वाढ वाईट. आणि ओझोनच्या छिद्रातून ऊन आत आल्याने तापमानवाढ होते असं तर कधीच लिहू नका. ओझोनचा प्रश्न अतिनील किरणांचा, १९८७ चा मॉन्ट्रियल करार त्यासाठी. ही दोन प्रकरणं एकत्र केलेली उत्तरं वाचून मला अजून वाईट वाटतं, कारण कुणीतरी ती तशी शिकवलेली असतात.

अन्नसाखळीतला दहा टक्क्यांचा नियम (एका पातळीवरची दहा टक्के ऊर्जाच पुढच्या पातळीला मिळते) ढोबळ आहे, प्रत्यक्षात आकडा बराच वरखाली होतो. उदाहरण सोडवताना दहा धरा. खनिजांसाठी ‘संसाधन’ आणि ‘साठा’ यांतला फरक वाचा: साठा म्हणजे आजच्या तंत्राने, आजच्या भावात काढायला परवडेल तेवढाच भाग. म्हणून नवं काही न सापडताही साठे वाढू शकतात. मातीचं तुम्हीच ठरवा. एक सेंटिमीटर थर बनायला शेकडो वर्षं लागू शकतात, आणि एका जोरदार पावसात तो जाऊ शकतो. तिला कोणत्या रकान्यात घालाल?

आता जे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं ते. एका गुणाचा बहुपर्यायी प्रश्न असेल आणि ‘पाणी’ हा पर्याय असेल, तर नवीकरणीयवर खूण करा आणि पुढे जा. तिथे वाद घालायला जागा नसते. सूर्यप्रकाश आणि वारा यांनाही टाकीची उपमा लागू नाही. उद्याचं ऊन आपण आज वापरून संपवू शकत नाही. त्यामुळे सगळंच वेगावर अवलंबून असतं असंही लिहू नका. नियामकांची एक बाजूही मी नाकारत नाही: हजारो उत्तरपत्रिका वेगवेगळ्या हातांनी तपासताना सगळ्यांना एकच माप लागतं, नाहीतर दुसऱ्या कुणावर अन्याय होतो. पण माप रकान्यांचं का असावं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

चार गुणांचा प्रश्न आला तर टाकी काढा, नळी आणि तोटीला नावं द्या, न्युबियन जलधर किंवा कॉडचं एक उदाहरण लिहा. मग खाली दोन रकाने आखून नेहमीची नावंही लिहून टाका, दोन मिनिटं लागतात. त्या उत्तरपत्रिकेत तेवढे दोन रकाने असते तर चारचा एक झाला नसता, आणि त्यावर माझी सही नसती.