अनेक विषयांत काम केलेल्या संशोधकाचा प्रभाव एच-इंडेक्सवरून कळतो का?

फारसा नाही. (एच-इंडेक्स 10 म्हणजे संशोधकाच्या 10 लेखांचा प्रत्येकी किमान 10 वेळा इतरांनी संदर्भ दिलेला असणं.) गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी घ्या. मूळचे गणिती, पण 1943-44 मध्ये त्यांनी गुणसूत्रावरचं जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र दिलं. आजही जनुकीय नकाशा करताना सॉफ्टवेअर विचारतं, 'हाल्डेन की कोसंबी?', म्हणजे अंतरासाठी कोणाचं सूत्र वापरायचं. कोसंबी निवडून मूळ लेखाचा संदर्भच दिला नाही, तर तो मोजणीत येणार कुठून? प्राचीन नाणी तराजूत तोलून, झिजेवरून इतिहास वाचला तो वेगळाच. आणि शेवटी काही गणिती लेख तर 'एस. डुक्रे' या टोपणनावाने छापले! जीवशास्त्रात संदर्भांची रेलचेल, गणितात मोजकेच. त्यांची एकत्र मोजणी मला अजिबात पटत नाही. प्रत्येक विषयातला लेख उघडा, तो कोणी कशासाठी वापरला ते बघा.