बुस्केटची झाडी आणि दिंगलीचे कडे, एका दिवसात

प्रश्न : मार्चअखेरीस माल्टाला जात आहोत. बुस्केट आणि दिंगलीचे कडे एकाच दिवशी चालत होतील का? सोबत ६६ वर्षांची आई आहे. बेट उघडंबोडकं असताना तिथे एवढी झाडी कशी, हेही कुतूहल आहे.

उत्तर : होतील, फक्त क्रम चुकवू नका. आधी बुस्केट, शेवटी कडे. कड्यांवर सावली नाही आणि ते नैर्ऋत्येला तोंड करून आहेत; भर दुपारी तिथे पोचलात तर तापाल, उतरत्या उन्हात पोचलात तर सूर्यास्त समोर मिळेल.

माल्टातल्या रबात गावाहून बुस्केटपर्यंत बसने जा. थांब्यावर हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही. पुढे बाग, आर इल-क्बीर (Għar il-Kbir) या गुहा, कड्यांवरचं मेरी माग्दालेनाचं चॅपेल आणि दिंगली गाव असं चाललात तर पाच-सहा किलोमीटर होतात. आईंच्या चालीने, विसाव्यासकट पाच तास धरा.

झाडीचं कारण जमिनीखाली आहे. वरचा चुनखडक पावसाचं पाणी झिरपू देतो, खालची निळसर चिकणमाती ते अडवते, आणि दोन्ही थर जिथे भेटतात तिथे झरे फुटतात. वीड इल-लूक या घळीत म्हणूनच ओल टिकते. त्यावर अलेप्पो पाइन, सदाहरित ओक, कॅरोब, ऑलिव्ह, खाली संत्र्यांची बाग. तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांनी हे शिकारीचं रान म्हणून राखलं. वरचा वेर्डाला राजवाडा १५८६चा. आता तो राष्ट्राध्यक्षांचं उन्हाळी निवासस्थान आहे, म्हणून बाहेरूनच पाहायचा असं धरून चला. मार्च-एप्रिलमध्ये ज्युडास वृक्ष बघायला मुद्दाम थांबा. हा आपल्या आपट्याचा नातलग. पानं येण्याआधीच थेट खोडावर गुलाबी फुलं फुटतात.

घळीतली वाट पावसानंतर चिकणमातीमुळे साबणासारखी होते. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर आईंना वरच्या रस्त्यानेच न्या.

आर इल-क्बीरजवळ (नावातला ‘għ’ उच्चारत नाहीत, रस्ता विचारताना हे लक्षात ठेवा) खडकात कोरल्यासारख्या जोड-चाकोऱ्या आहेत. त्या कशाने पडल्या यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. काही चांगल्याच खोल आहेत आणि वाढलेल्या झुडपांखाली दिसत नाहीत. घोटा मुरगळतो तो इथेच. जाड तळव्याचे, घोटा झाकणारे बूट हवेत. प्रत्येकी दीड लिटर पाणी घ्या.

कडे सुमारे अडीचशे मीटर उंच, कडेला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. फोटोसाठी मागे सरकत जाऊ नका. समोर समुद्रात फिल्फला हे छोटं बेट दिसतं. तिथून दिंगली गावात येऊन परतीची बस.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये पक्षी पाहायला बुस्केट कसं?

उत्तर : उत्तम, पण सकाळी नव्हे. आफ्रिकेकडे निघालेले हनी बझार्ड हे शिकारी पक्षी दुपारनंतर रात्रीच्या मुक्कामासाठी झाडीवर उतरतात. तीनपासून अंधार पडेपर्यंत उघड्या उंचवट्यावर बसा. झाडाखाली बसलात तर आकाशच दिसणार नाही. याच काळात बेटावर शिकारीचा हंगाम असतो. बुस्केटमध्ये शिकारीला बंदी आहे, तरी आसपासच्या भागातून बंदुकीचे बार ऐकू येतात. खडकावर ‘RTO’ (म्हणजे ‘राखीव’) रंगवलेलं दिसलं तर ती जागा खासगी समजा आणि वाट सोडू नका.