पीएसए पुन्हा वाढतोय. पुढची गोळी लागू पडेल का, हे आधी कळतं का?

तुम्ही लिहिलंय की बाबांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेलाय, अबिराटेरोन ही हार्मोन रोखणारी गोळी घेऊनही पीएसए (या कॅन्सरचा जोर दाखवणारी रक्तातली खूण) चढतोय आणि आता डॉक्टर एन्झालुटामाइड ही दुसरी हार्मोनविरोधी गोळी देऊ म्हणतात. आमच्या अण्णांचं अगदी असंच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

थोडंफार आधी कळतं. कॅन्सरच्या पेशींत अँड्रोजन रिसेप्टरचं (पुरुषी हार्मोन ज्याला चिकटून पेशीला वाढायला लावतो, त्या प्रथिनाचं) एआर-व्ही७ नावाचं एक तोकडं रूप तयार होऊ शकतं. हार्मोन जिथं चिकटतो तो भागच त्याला नसतो, त्यामुळे हार्मोन नसला तरी ते चालूच राहतं. एन्झालुटामाइड बसतं तेही त्याच भागावर. जागाच नाही, तर गोळी बसणार कुठं? २०१४ साली जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी या दोन गोळ्यांवरच्या ६२ रुग्णांचं रक्त तपासलं. एआर-व्ही७ सापडलेल्यांपैकी एकाचाही पीएसए निम्म्यावर आला नाही. डोसिटॅक्सेलची केमो मात्र अशांनाही लागू पडू शकते.

तरी माझं मत विचाराल तर आधी बीआरसीए ही डीएनए दुरुस्त करणारी जनुकं तपासा, कारण तिथं बिघाड निघाला तर त्यावर ओलापॅरिब हे औषध आहे. बिघाड जन्मजात असेल तर तुम्हा भावंडांनाही तपासून घ्यावं लागेल, बहिणींना तर नक्कीच.

आणि या जीन टेस्टसाठीचा नमुना जपा, हे कळकळीनं सांगतो. अण्णांच्या हाडाचा तुकडा काढला तेव्हा तो मऊ करायला ॲसिडमध्ये ठेवला गेला. तुकडा बसवलेला मेणाचा तो इवलासा ब्लॉक रुमालात गुंडाळून मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं टेस्टसाठी मुंबईला नेला. रात्रभर हात खिशावरच होता. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला: डीएनए अपुरा. ॲसिडनं डीएनए तुटतो हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि तेवढ्यात आजार पुढं सरकला होता.

म्हणून हाडाची बायोप्सी ठरली तर आधीच सांगा, जीन टेस्ट करायचीय, तुकडा ॲसिडऐवजी ईडीटीए या सौम्य रसायनात मऊ करा. प्रोस्टेटच्या पहिल्या बायोप्सीचा ब्लॉक सोलापुरातल्याच लॅबमध्ये असेल तर तोही मागून घ्या. फार जुना असला तर मात्र त्यातूनही डीएनए निघेलच असं नाही. दोन्ही जमत नसेल तर रक्तावरची लिक्विड बायोप्सी आहे, पण ते रक्त नवी गोळी सुरू होण्याआधी द्या. गोळी लागू पडली की रक्तातला गाठीचा डीएनए घटतो आणि हाती काहीच लागत नाही.