सहीचा आणि मताचा कस

प्रश्न : माझे धाकटे दीर अमेरिकेत कागदपत्रांविना राहतात, सासऱ्यांच्या अंत्यविधीलाही त्यांना येता आले नाही. तेथील कोणत्या नेत्यावर विश्वास ठेवावा, असे ते फोनवर विचारतात. — एक भगिनी, विटा (जि. सांगली)

उत्तर : ताई, आपल्या गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, गावात कस लावल्याशिवाय कोणी सोने घेत नाही, नेत्याचा कस त्याच्या सहीत आणि मतात दिसतो. रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८६ मध्ये सही केलेल्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर वास्तव्य मिळाले, तर वर्षाहून अधिक काळ बेकायदा राहून देश सोडणाऱ्याला सहसा दहा वर्षे परतता येत नाही, हा नियम १९९६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने आला. दिरांची वाट अडली असेल ती बहुधा याच नियमाने, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. केवळ पक्ष पाहून निष्कर्ष काढू नये. २०१३ मध्ये तेथील संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, सिनेटने, ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलेले स्थलांतर सुधारणा विधेयक कनिष्ठ सभागृहात, प्रतिनिधिगृहात, मतदानालाच आले नाही. दिरांना तेथे मतदानाचा अधिकार नाही. तरी कोणाच्याही भाषणाच्या भरवशावर, परवानाधारक वकिलाला विचारल्याशिवाय, त्यांनी सरकारकडे अर्ज करू नये.