६०० रुपयांचं शिबिर आणि जळगावची जाऊ

अमळनेरहून एका आईचं पत्र आलंय, लांबलचक होतं म्हणून कापून देतेय:

"मावशी, मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत. घराजवळच्या शाळेत १५ दिवसांचं उन्हाळी शिबिर आहे, आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) सुरू होतंय. सकाळी ८ ते १२, फी फक्त ६०० रुपये. चित्रं, मातीकाम, गाणी, खेळ. जळगावची जाऊ म्हणते ६०० मधे काय शिकवणार, पोरं नुसती कोंडून ठेवतील. तिचा मुलगा ५ हजारवाल्या कॅम्पला जातोय. मिस्टर म्हणतात आखाजीला मामाकडे जातोयच, राहू दे तिथेच महिनाभर. मी नोकरी करते, सासूबाईंच्याने पोरामागे धावणं होत नाही. पोरगा जरा बुजरा आहे. पाठवू का?"

अगं माय, अख्ख्या पत्रात जावेबद्दल बारा ओळी आणि पोराबद्दल एक, "जरा बुजरा आहे". मोजल्यात मी. म्हणजे प्रश्न शिबिराचा कमी आणि जावेच्या तोंडाचा जास्त, बरोबर ना? तिला बाजूला ठेवू आधी.

स्वस्त आहे म्हणजे टाकाऊ असेल असं काही नसतं. शाळेची इमारत सुट्टीत रिकामीच असते, शिकवणारी पोरं गावातलीच, कोणी डीएड करतंय, कोणी चित्रकलेच्या परीक्षा दिलेलं, ना एसी ना टी-शर्ट ना स्टेजवर फ्लेक्स, मग ६०० मधे भागतं. आणि तू अमळनेरची असून असं विचारतेस? साने गुरुजी १९२४ ते १९३० तुझ्याच गावात प्रताप हायस्कूलला शिकवत होते, वसतिगृह सांभाळत होते, तिथल्या पोरांसाठी हाताने लिहून छात्रालय दैनिक काढायचे. शाई आणि कागदाशिवाय काय खर्च होता त्याला?

पण म्हणून डोळे झाकून ६०० भरू नको. आपल्याकडचा मे म्हणजे काय ते तुला सांगायला नको, पारा ४५ ला टेकतो. माझ्या पोरीला मी एकदा चांगल्या महागड्या कॅम्पला घातलं होतं, नाव नाही सांगत, हॉल एकदम चकाचक पण वर पत्रे. अकरा वाजले की ते पत्रे कडकड वाजायला लागायचे आणि आत तीस पोरं कागदाचे मोर कापतायत. तिसऱ्या दिवशी पोरगी घरी आली ती लालबुंद, डोकं दुखतंय म्हणत ओकली. पाण्याची बाटली? सकाळी भरून दिली होती तश्शीच. खेळात पोरांना तहान कळतच नाही गं, कोणीतरी हातात ग्लास द्यावा लागतो.

म्हणून एक कर, ऑफिसला अर्धी सुट्टी टाक आणि शिबिर भरतंय त्या खोलीत सकाळी नाही, साडेअकराला जाऊन उभी राहा. वर स्लॅब आहे का पत्रा, लाईट गेल्यावर हवा कुठून येते, माठ कुठंय, पोराचा हात पोचतो का त्याला. संडास उघडून बघ, लाजू नको, पाणी आहे का, कडी लागते का. चालवणाऱ्यांना विचार की पोरं किती आणि मोठी माणसं किती, आणि पोराला घ्यायला भलताच कोणी आला तर देता का. "आपलंच गाव आहे, सगळे ओळखीचे" असं हसत सांगितलं तर मला ते उत्तर आवडणार नाही. पोरांना त्रास देणारी माणसं बऱ्याचदा ओळखीतलीच निघतात. वहीत सही घेऊनच पोरगं सोडतो म्हणाले तर अर्धं काम झालं. आणि वेळ ७ ते १० करा म्हणून चार आयांनी मिळून सांगा, ऐकतील, बारा वाजता पोरं रस्त्यावर सोडायची काय हौस आहे का!

आता तुझा बुजरा. पहिले दोन दिवस तो कोपऱ्यात बसेल, त्याला काही होत नाही. बघायचं असं की कोपऱ्यात बसलेल्या पोराचं तिथला दादा किंवा ताई करते काय. ओढत आणून सगळ्यांसमोर गाणं म्हणायला लावलं तर सरळ घेऊन ये. शेजारी बसून मातीचा गोळा हातात दिला नि दुसऱ्या पोराकडे गेली, तर तिला ६०० काय, हजार दे. सगळी फी आधी भरू नको, दोन दिवस बसू द्या म्हणावं. आणि त्याला स्वतःला विचारलंस का गं? पत्रात कुठे दिसलं नाही.

मामाकडचं मिस्टर म्हणतात ते अगदीच खोटं नाही. लिंबाला झोका, गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापायला मावश्यांच्या मागेमागे, कुरडईचा चीक वाटीत घेऊन खायचा, हे कुठल्या कॅम्पात मिळतं? पण विहीर असेल तर मोठं माणूस सोबत असल्याशिवाय पाण्याजवळ जायचं नाही, हे मामाला तू स्वतः फोन करून सांग. आणि महिनाभर नको, मामीलाही तिची कामं आहेत. आखाजीला ८ दिवस राहू दे, मग शिबिर, दोन्ही होतं की.

डब्यात दशमी आणि शेंगदाण्याची चटणी दे, बाटलीत ताक नाहीतर पन्हं. सासूबाई खिशात कांदा घालतील, घालू दे, पण कांद्याच्या भरवशावर पाणी विसरू नको. पोरगं बरळायला लागलं किंवा अंग तापून घाम यायचा बंद झाला तर सावलीत नेऊन ओल्या कापडाने पुसत राहायचं आणि लगेच १०८ ला फोन, हे शिबिरवाल्यांना माहिती आहे का तेही विचारून ठेव.

जावेला काय सांगायचं? काही नको. तिच्या पोराला दोन दिवस तुझ्याकडे बोलव, दोघांना चिखल खेळायला अंगणात सोड आणि मला कळव कोणाचे कपडे जास्त भरले ते.