गादी आत ने

ताई,
मी ३१ वर्षांची, नवरा ३४. आम्ही घणसोलीला राहतो. मी ठाण्याला बँकेत आहे, तो महापेला कंपनीत तीन शिफ्टमध्ये काम करतो. अकरा महिने झाले, आम्ही चान्स घेतोय, पण दिवस राहत नाहीत. पाळी नियमित आहे, ३४ ते ३६ दिवसांनी येते. चौदावा दिवस महत्त्वाचा असं सगळीकडे वाचलं, म्हणून बारावा, तेरावा, चौदावा हे तीन दिवस आम्ही कधी चुकवत नाही. तेवढ्यासाठी तो शिफ्ट बदलून घेतो. त्याच दिवसांत मी बीज सुटायचा दिवस ओळखायची लघवीची स्ट्रिप लावते, पण दुसरी रेघ कधीच गडद येत नाही. माझ्यात बीजच तयार होत नसेल का? त्यात नवरा हल्ली मस्टरवर सही करायला आल्यासारखा येतो आणि पाठ करून झोपतो. (बाकीचे दिवस तो हॉलमध्ये झोपतो, ताकद साठून राहावी म्हणून मीच सांगितलंय.) नेमके दिवस कसे ओळखायचे ते नीट सांगा.
— घणसोलीची एक वाचक

बाई गं,

सगळं तारीखवार लिहिलंस आणि एक वाक्य कंसात टाकलंस. त्या कंसात तुझा नवरा झोपलाय. मला त्याच्याबद्दलच बोलायचंय.

पण आधी तुझं गणित, कारण ते चुकलंय आणि त्याच चुकीने त्याला हॉलमध्ये पाठवलंय.

चौदा दिवस मोजायचे असतात हे खरं, पण ते पुढच्या पाळीपासून मागे. मागची पाळी आल्यापासून पुढे मोजायचे नसतात. ओगिनो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९२४ सालीच हे मांडलं होतं: बीज बाहेर पडतं ते येणाऱ्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी. ज्यांची पाळी बरोबर २८ दिवसांनी येते त्यांचे दोन्ही हिशोब एकाच दिवशी जुळतात, म्हणून 'चौदावा दिवस' सगळ्यांच्या तोंडी बसला. तुझी पाळी पस्तिशीची. पस्तीसातून चौदा गेले, राहिले एकवीस. एखादा दिवस इकडेतिकडे धर, म्हणजे विसावा ते बाविसावा.

बीज बाहेर पडल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र आत पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून बीज सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच, असे मिळून सहा दिवस कामाचे. १९९५ साली अमेरिकेत २२१ स्त्रियांच्या नोंदींवरून हेच दिसलं होतं: दिवस राहिले ते याच सहा दिवसांतल्या संबंधांमधून, आणि बीज सुटून गेल्यावरच्या संबंधांतून एकदाही नाही. तुझे सहा दिवस साधारण सोळाव्यापासून पुढे सुरू होतात.

आता तू काय करतेस ते बघ. बाराव्याला त्याला आत बोलावतेस. चौदाव्याला काम झालं म्हणतेस. पंधराव्याला त्याची गादी हॉलमध्ये जाते. म्हणजे ज्या आठवड्यात त्याने तुझ्याजवळ असायला हवं, नेमक्या त्याच आठवड्यात तू त्याला बाहेर झोपवतेस. दर महिन्याला. अकरा महिने. मला वाचताना अक्षरशः हळहळ वाटली, आणि रागही आला.

तुझी स्ट्रिप खोटं बोलत नव्हती. बीज सुटायच्या साधारण २४ ते ३६ तास आधी लघवीतलं एलएच हे हार्मोन एकदम वाढतं, तेव्हा दुसरी रेघ गडद होते. बाराव्या दिवशी ती फिकीच राहणार. 'आज नाही' एवढंच ती सांगत होती आणि तू 'कधीच नाही' असं वाचलंस. इतकी नियमित पाळी असली की बीज बहुतेक वेळा तयार होत असतं. ही भीती आता सोड.

आणि ती साठवलेली ताकद. शुक्राणू शरीरात रोज तयार होत असतात, ते बँकेतली ठेव नव्हेत. बरेच दिवस साठले तर जुने मंदावतात, त्यांची हालचाल कमी होते. वीर्याची तपासणी करायची तरी दोन ते सात दिवसांच्या अंतरानेच बोलावतात, त्याहून जास्त नाही. तू चार-चार आठवडे त्याला लांब ठेवतेस आणि मग लागोपाठ तीन दिवस हजेरी मागतेस. तो मस्टरवर सही करायला आल्यासारखा येतो म्हणून तक्रार करतेस, पण मस्टर तूच मांडलंस ना?

लग्नानंतर मी कळव्याला दहा बाय दहाच्या खोलीत राहिले. सासू-सासरे, दोन दीर, मधे साडीचा पडदा. एकमेकांशेजारी झोपायला मिळावं, नुसता हात हातात घेऊन, याच्यासाठी आम्ही काय काय बहाणे केले. तुझ्याकडे दार लागणारी खोली आहे गं, आणि तू त्याला दाराबाहेर काढलंस.

तुझा नवरा तुझ्या तारखांसाठी महिन्यामागून महिना सुपरवायझरच्या हातापाया पडून शिफ्ट बदलतो. बाळ त्यालाही हवंय. त्याला फक्त तारखेपुरतं बोलावलेलं नकोय.

तर सांगते ते एकच कर. त्याची गादी आत ने आणि ती परत बाहेर जाऊ देऊ नकोस. आठवड्यातून दोन-तीनदा जवळ या, मधे दोन दिवसांहून जास्त अंतर पडू देऊ नका, मग तुझे सहा दिवस आपोआप पदरात पडतात आणि कुणाला शिफ्ट बदलावी लागत नाही. त्याच्या नाइटच्या आठवड्यात तुमची वेळ जुळत नाही हे मला कळतं. तो सकाळी येतो तेव्हा तू ठाण्याची लोकल पकडायच्या घाईत. मग रविवार आहे, तुझ्या बँकेचा दुसरा-चौथा शनिवार आहे. दुपारी दार लावून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

दिवस ओळखायचेच असतील तर स्वतःच्या अंगाकडे बघ. पाळीनंतर काही दिवस कोरडं वाटतं, मग स्राव चिकट होतो, आणि बीज सुटायच्या आधी तो पाण्यासारखा, निसरडा, अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा होतो. दोन बोटांत धरलास तर तार निघते. तेच दिवस. खाज किंवा घाण वास असेल तर मात्र डॉक्टरांना दाखव. स्ट्रिप लावायचीच तर सोळाव्या दिवसापासून लाव, आणि ती लावल्याचं त्याला सांगू नकोस. सकाळी उठल्याबरोबर तापमान मोजायच्या भानगडीत पडू नकोस. ते वाढतं बीज सुटून गेल्यावर, शिवाय त्याच्या शिफ्टमुळे तुझीही झोप मोडत असणार.

फॉलिक ॲसिड आजपासून सुरू कर, रोज ४०० मायक्रोग्रॅम. याला थांबायचं कारण नाही.

अजून तीन पाळ्या बघ. नाही जमलं तर डॉक्टरकडे दोघं जा. दोघं म्हणजे दोघं. त्याची वीर्यतपासणी आधी होऊ दे, ती सोपी आहे आणि जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचाही काहीतरी भाग असतो. बीज सुटलं की नाही हे बघायला तुझी प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची रक्ततपासणी सांगितली तर पाळी ३५ दिवसांची आहे हे आधी सांग. ती तपासणी पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी, म्हणजे तुझ्या अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास करायची असते. २८ दिवसांच्या पाळीच्या सवयीने एकविसाव्याला केली तर आकडा कमी येईल आणि तू पुन्हा रात्रभर रडत बसशील.

नेमके दिवस सांगा म्हणजे त्याला नीट सांगता येईल, असं मनात असेल तर ते काढून टाक. पुढच्या महिन्यात त्याला एकही तारीख ऐकवू नकोस. तो काय जेवला ते विचार. महापेहून येताना रस्त्यात किती वेळ लागला ते विचार.

आज सेकंड शिफ्ट असेल तर तो रात्री साडेअकराच्या सुमारास येईल. त्याने विचारायच्या आत गादी आतल्या खोलीत असू दे.

तुझी ताई